खापर कोणाच्या माथी?

इतिहासाच्या एका इंग्रजी उताऱ्यात परवा आमच्या वर्गात 'स्केपगोट' हा शब्द आला. मी मुलांना अर्थ विचारला. मागच्या बाकावरचा एक मुलगा चटकन म्हणाला, "बळीचा बकरा, सर." गिरणाकाठच्या खेड्यातून भडगावला येणारी एक मुलगी म्हणाली, "आमच्या घरी त्याला खापर फोडणं म्हणतात." दोघांनाही मी शाबासकी दिली आणि पुढे गेलो. पण घरी जाताना मनात आले, की आपण जरा घाई केली. बकरा आणि खापर या दोन वस्तू काही एक नव्हेत. शिवाय मूळ इंग्रजी शब्दातला बकरा हा बळी जाणारा बकरा नव्हेच! ही काय भानगड आहे ती आज आपण नीट उलगडून पाहू. गुरुजींना ती वर्गात उपयोगी पडेल, आणि चावडीवर बसणाऱ्यांना कदाचित त्याहून अधिक.

आधी घरचे खापर घेऊ. खानदेशात खापर म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही. आखाजीचा सण आला, की चुलीवर मातीचे खापर पालथे पडते. बाया पुरणाचा मांडा हातावर फिरवून फिरवून रुमालाएवढा पातळ करतात आणि त्या तापल्या खापरावर अलगद टाकतात. शब्द फार जुना आहे. संस्कृतात 'कर्पर' म्हणजे मडके, मडक्याचा तुकडा, आणि डोक्याची कवटीसुद्धा. त्याचे प्राकृतात 'खप्पर' झाले आणि मराठीत 'खापर'. मडके आणि माथे ही दोन्ही अशी एकाच शब्दात नांदत आली आहेत. खापर एकदा फुटले, की सांधत नाही. ते दुसऱ्याच्या डोक्यावर फोडले, तर फोडणारा हात झटकून मोकळा होतो आणि ज्याच्या डोक्यावर फुटते त्याच्या कपाळाला खोक पडते.

दोष देण्यासाठी आपल्या भाषेत शब्दांची काही वाण नाही. मौज अशी, की प्रत्येकाचा ठिकाणा वेगळा आहे. 'बोल लावणे' हे घरातले. सासू सुनेला बोल लावते, मुलगा बापाला लावतो, आणि संध्याकाळी सगळी एका पंगतीला बसतात. 'ठपका' हा कचेरीतला. तो कागदावर येतो, वरिष्ठाच्या सहीने येतो आणि नोकरीच्या पुस्तकाला चिकटतो. 'आळ' हा पुराव्यावाचून येतो. गणेशचतुर्थीला चंद्र पाहू नये, चोरीचा आळ येतो, असे आपण लहानपणी ऐकले. प्रत्यक्ष श्रीकृष्णावरही स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ आला होता, अशी पुराणातली कथा आहे. आणि 'खापर' या सर्वांहून निराळे. खापर फुटते तेव्हा नुकसान खरेच झालेले असते. पीक गेलेले असते, माणूस दगावलेला असते, पूल पडलेला असतो. खोटा असतो तो फक्त त्याचा धनी. खऱ्या दुःखावर चुकीच्या माणसाचे नाव लिहिले, की त्याला खापर फोडणे म्हणतात.

इंग्रजीत दोष देण्याला 'ब्लेम' म्हणतात. तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्याही मागे गेलो तर लॅटिन आणि ग्रीक भाषांतला 'वाईट बोलणे, निंदा करणे' अशा अर्थाचा शब्द सापडतो. देवाच्या निंदेला इंग्रजीत 'ब्लॅस्फेमी' म्हणतात, तोही त्याच मुळाचा. थोडक्यात, हे दोघे सख्खे भाऊ. एक माणसाची निंदा करतो, दुसरा देवाची.

आता त्या बकऱ्याकडे वळू. यहुदी लोकांच्या जुन्या धर्मग्रंथात 'लेवीय' नावाचे पुस्तक आहे. त्याच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी दिला आहे. वर्षातून एकदा मुख्य याजकाने सर्व लोकांसाठी दोन बकरे घ्यावेत आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकाव्यात. एक चिठ्ठी देवाच्या नावाची, दुसरी 'अजाजेल'च्या नावाची. देवाच्या नावाचा बकरा बळी द्यावा. दुसरा जिवंत ठेवावा. मग याजकाने आपले दोन्ही हात त्या जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर ठेवावेत आणि लोकांनी वर्षभरात केलेले सारे अपराध, सारी पापे मोठ्याने कबूल करावीत. ती पापे बकऱ्याच्या माथी ठेवून एका माणसाबरोबर त्याला ओसाड रानात सोडून द्यावे.

म्हणजे पाहा, बळी गेला तो पहिला बकरा. पापाचे ओझे घेऊन जिवंत रानात गेला तो दुसरा, आणि इंग्रजी शब्द आहे तो या दुसऱ्याचा. त्या मुलाचे 'बळीचा बकरा' हे उत्तर व्यवहारात बरोबर, पण मुळात बकऱ्याची अदलाबदल झालेली!

हा इंग्रजी शब्द घडवला विल्यम टिंडेल नावाच्या पंडिताने. सामान्य नांगरगड्यालाही धर्मग्रंथ वाचता यावा, अशी या माणसाची तळमळ होती. त्यासाठी मूळ हिब्रू भाषेतून त्याने इंग्रजी भाषांतर केले आणि त्याची पहिली पाच पुस्तके १५३० साली छापून निघाली. 'अजाजेल' या शब्दापाशी तो अडला. त्याचा अर्थ काय यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. कोणी म्हणतात ते रानातल्या पिशाच्चाचे नाव, कोणी म्हणतात तो उंच कडा, तर कोणी त्या शब्दाची फोड करून 'निघून जाणारा बकरा' असा अर्थ लावतात. टिंडेलने ही शेवटची वाट धरली आणि 'एस्केप' म्हणजे निसटणे व 'गोट' म्हणजे बकरा, यांचा सांधा जुळवून 'स्केपगोट' असा नवा शब्द पाडला. पुढे १५३६ साली धर्मद्रोहाच्या आरोपावरून टिंडेलला गळा आवळून मारले आणि त्याचा देह जाळला. शब्द मात्र जगला. जवळजवळ तीनशे वर्षे तो धर्मग्रंथातल्या त्या बकऱ्यापुरताच होता. दुसऱ्यांच्या चुकीची शिक्षा भोगणाऱ्या माणसाला तो लावण्याची चाल पडली ती एकोणिसाव्या शतकात.

या विधीचा गाभा कोणता? तुम्ही म्हणाल, बकरा. मला वाटते, कबुली. बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून याजक "हे पाप बकऱ्याने केले" असे म्हणत नव्हता. "हे आम्ही केले" असे म्हणत होता. बकरा हे नुसते वाहन.

आणि याचा पडताळा इतिहासाने दिला आहे. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर पाडले. मंदिर गेले तसा बकऱ्याचा विधीही गेला. पण प्रायश्चित्ताचा दिवस गेला नाही. यहुदी लोक आजही त्या दिवशी कडक उपास करतात आणि आपल्या चुका देवापुढे कबूल करतात. याची साक्ष काढायला फार लांब जायला नको. आपल्या कोकणात, रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, शतकानुशतके राहिलेले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहुदी. घाण्यावर तेल गाळण्याचा त्यांचा धंदा. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. हे लोक प्रायश्चित्ताच्या दिवसाला 'दारफाळणीचा सण' म्हणत. त्या दिवशी घराची दारे लावून घ्यायची, उपास करायचा आणि बाहेरच्याशी व्यवहार ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', त्या दिवशी दानधर्म आणि एकमेकांच्या भेटीगाठी. किती समर्पक नाव आहे पाहा! दुसऱ्याच्या दारात खापर फोडायला जायचे नाही. आपले दार लावून आत बसायचे आणि स्वतःकडे बघायचे.

म्हणजे यहुद्यांनी बकरा सोडला आणि कबुली ठेवली. बाकीच्या जगाने बकरा ठेवला आणि कबुली सोडली. त्या शब्दाचा आजचा अर्थ हा या दुसऱ्या उलाढालीतून आलेला आहे.

इतिहासाचा क्रूरपणा असा, की ज्यांच्या ग्रंथातून हा बकरा आला त्यांनाच जगाने बकरा केले. १३४८ आणि १३४९ साली युरोपात प्लेगने थैमान घातले. गावेच्या गावे ओस पडली. रोग कशाने होतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. तेवढ्यात हूल उठली, की यहुद्यांनी विहिरींत विष कालवले. फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबुर्ग शहरात शेकडो यहुद्यांना जिवंत जाळण्यात आले. त्या वेळचे पोप सहावे क्लेमेंट यांनी लोकांना बजावले होते, की अहो, या रोगाने यहुदीही मरतात आणि जिथे यहुदी नाहीत तिथेही रोग आहेच. साधी, सरळ गोष्ट. पण भ्यालेला समाज साधी गोष्ट ऐकत नाही. बरे, यहुदी जाळून प्लेग थांबला का? नाही. तो आपल्या गतीने पुढे गेला.

आपण हसू नये. आपल्या गावांतूनही पटकीची साथ आली, की मरीआईचा गाडा निघत असे. लहानसा लाकडी गाडा करायचा, त्यावर देवीची मूर्ती, हळदकुंकू, लिंबे, चोळीचा खण ठेवायचा आणि वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. देवी गेली, रोग गेला, अशी समजूत. पुढच्या गावाला तो गाडा दिसला, की त्या गावाच्या पोटात गोळा येई. मग तेही गाव तो आपल्या शिवेवरून पुढे ढकली. काही ठिकाणी गाड्याऐवजी बकरा किंवा कोंबडा सोडीत. लेवीयातला बकरा आणि आपला गाडा यांची गाठ कधी पडली नव्हती, पण माणसाचे मन सगळीकडे सारखेच.

ज्यांनी गाडा ओढला त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. घरातली तीन माणसे एका दिवसात गेलेल्या बापाने काय करावे? काहीतरी केल्याचा आधार त्याला हवा होता. पण गाड्याने एक नुकसान केले. गाडा शिवेबाहेर गेल्यावर विहिरीकडे कोणी पाहिले नाही. लंडनच्या डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ साली एका सार्वजनिक पंपाभोवती किती माणसे मेली ते घरोघर फिरून मोजले आणि पटकी पाण्यातून पसरते हे दाखवून दिले. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू शोधून काढले. रोग शिवेवरून आत येत नव्हता. तो घागरीतून येत होता. घागर उकळून घ्यायची होती, आणि आपण गाडा ढकलीत होतो.

पण यावरून कोणी असे समजू नये, की खापर फोडणारे सारे अडाणी असतात आणि शिकलेले त्यातून सुटले. मुंबईचीच गोष्ट सांगतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. सरकारने वाल्डेमार हाफकीन या शास्त्रज्ञास बोलावून घेतले. हे ओडेसा गावी जन्मलेले यहुदी गृहस्थ. पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत काम करून त्यांनी पटकीवर लस तयार केली होती. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात एका छोट्या जागेत बसून त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस काढली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्याने स्वतःलाच टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि तिथून लाखो माणसांसाठी लस बाहेर पडली.

मग आला १९०२ सालचा ३० ऑक्टोबर. पंजाबात मुलकोवाल नावाच्या खेड्यात त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यांतल्या एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. बाकीच्या बाटल्यांतून ज्यांनी लस घेतली त्यांना काहीही झाले नाही. एकोणीस कुटुंबांवर आकाश कोसळले, हे नुकसान खरे. पण धनी कोण? चौकशी झाली आणि ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकीन यांच्यावर आला. त्यांनी लस करण्याची रीत बदलली होती, ते जंतू मारण्यासाठी ठरलेले औषध न घालता उष्णतेचा उपयोग करीत, हे कारण पुढे झाले. त्यांना कामावरून दूर करण्यात आले. वस्तुतः त्या खेड्यात बाटली उघडताना बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे तेव्हाही ठाऊक होते. हिवतापाचा संबंध डासाशी जोडणारे रोनाल्ड रॉस आणि त्यांच्यासारखे इतर शास्त्रज्ञ १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स' पत्रातून उघडपणे हाफकीन यांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा कोठे सरकारने त्यांना निर्दोष मानले. पाच वर्षे गेली. ते हिंदुस्थानात परत आले, पण पूर्वीचे स्थान त्यांना मिळाले नाही. १९३० साली ते स्वित्झर्लंडमध्ये वारले. त्याआधी १९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला 'हाफकीन इन्स्टिट्यूट' असे नाव देण्यात आले आणि ते आजही आहे.

इथे एक सापळा आहे, तो पाहून घ्या. तुम्ही म्हणाल, "बरे झाले, खरा दोषी सापडला. तो चिमटा पाडणारा!" थांबा. चिमटा कोणाच्याही हातून पडतो. एका दिवसात शंभरावर माणसांना टोचणाऱ्याच्या हातून तर हमखास पडतो. त्या माणसाला बडतर्फ केले तर दुसऱ्याच्या हातून उद्या पडेल. पण पडलेला चिमटा उकळल्याशिवाय पुन्हा बाटलीला लावायचा नाही, हा नियम ठरला आणि पाळला गेला, तर पुढची एकोणीस माणसे वाचतील. दोष शोधणे आणि खापर फोडणे यांतला फरक मला इथे दिसतो. दोष शोधल्यावर काम करण्याची रीत सुधारते. खापर फोडल्यावर एक डोके फुटते आणि चौकशी तिथेच संपते. चिमटा जमिनीवरच राहतो.

आतापर्यंत आपण एकट्या माणसावर फुटलेले खापर पाहिले. ते कधी कधी साऱ्या जमातीवर फुटते आणि कायद्याच्या हाताने फुटते. १८७१ साली इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमातींचा कायदा' केला. तो आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने आपल्या मुंबई इलाख्यापर्यंत आला. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार आहेत असे त्यात धरले होते. मूल पाळण्यात असतानाच त्याच्या माथ्यावर खापर! या लोकांनी हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. सोलापूरला तर त्यांना तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत ठेवले होते. चोऱ्या होत नव्हत्या असे नाही. पण रेल्वे आली आणि बैलांवरून मीठ-धान्य वाहणाऱ्यांचा धंदा बसला, जंगले सरकारजमा झाली आणि रानावर जगणाऱ्यांची वाट बंद झाली, हे कोणी विचारात घेतले नाही. गावात चोरी झाली, की फौजदार आधी पालावर जाई. देश स्वतंत्र झाल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमातींना 'विमुक्त' म्हणू लागले. कागदावरचे खापर निघाले. मनातले निघायला कायदा पुरत नाही.

मनातले का निघत नाही, याची साक्ष दुर्दैवाने आपल्याच खानदेशात आहे. १ जुलै २०१८ हा रविवारचा दिवस. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे होते. भिक्षा मागणे हा त्यांचा परंपरेचा व्यवसाय. त्या दिवसांत मोबाइलवरून मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा गावोगाव फिरत होत्या. कोणाला तरी संशय आला, गलका झाला, जमाव जमला. त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारण्यात आले. कोणाचेही मूल त्यांनी पळवले नव्हते.

'चोर सोडून संन्याशाला सुळी' अशी आपली जुनी म्हण आहे. तिथे तर सोडायला चोरही नव्हता. होती ती फक्त भीती. आपल्या लेकराला कोणी नेईल ही भीती खोटी म्हणता येणार नाही, प्रत्येक आईबापाला ती असते. पण तिच्यासाठी धनी हवा होता आणि समोर परके, गरीब, वेगळ्या वेशातले पाच जण दिसले. खापर नेहमी अशाच माथ्यावर फुटते. ज्याच्या मागे गाव नाही, पाटील नाही, भाऊबंद नाहीत, ज्याला उलट बोलता येत नाही, त्याचे माथे जवळचे वाटते. गावातली एकटी विधवा, बाहेरून आलेला मजूर, वर्गातला सर्वांत दुबळा मुलगा, यांच्याकडे आधी बोट का जाते ते यावरून समजेल.

आणि एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. त्या प्रकारानंतर "ते गावच तसे" किंवा "तिकडचे लोकच तसे" असे काही जण बोलले असतील, तर तेही खापरच. ज्यांनी हात उचलला त्यांचा गुन्हा त्यांच्या नावाने, पुराव्याने, न्यायालयात ठरावा. दोषी कोणी नसतोच, असे माझे म्हणणे नाही. दोषी असतात आणि त्यांना शिक्षा व्हावी. पण आधी पुरावा आणि मग नाव, असा क्रम असावा. खापर फोडणारा हा क्रम उलटा करतो. नाव त्याच्यापाशी आधीच तयार असते, पुरावा तो मागाहून गोळा करतो.

त्यासाठी कारण आणि योगायोग यांतला भेदही शिकवावा लागतो. 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' हे आपण म्हणतो खरे, पण फांदी तुटल्यावर कावळ्यालाच दगड मारतो. परका माणूस गावात आला आणि त्याच रात्री बैल मेला, नवी सून घरात आली आणि त्याच वर्षी पाऊस ओढला, या दोन गोष्टी शेजारी शेजारी घडल्या एवढेच. शेजार म्हणजे नाते नव्हे. अशा समजुतींतून बायांना डाकीण ठरवून छळण्याचे प्रकार आपल्या राज्यात घडले आहेत. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली करावा लागला तो अशाच अघोरी प्रकारांना आळा घालण्यासाठी. पण कायदा येतो तो बहुधा डोके फुटल्यावर. शिक्षक त्याच्या आधी येऊ शकतो.

म्हणून गुरुजी, तुम्हाला एक विनंती. शाळेत काच फुटली, की आपला पहिला प्रश्न असतो, "कोणी फोडली?" वर्ग चिडीचूप होतो आणि मग सारी बोटे एकाच मुलाकडे जातात. कोणाकडे जातात ते तुम्हाला माहीत आहे. त्याऐवजी एकदा विचारून पाहा, "काय झाले?" मग विचारा, "कसे झाले?" मग विचारा, "पुन्हा होऊ नये म्हणून आपण काय करू?" आणि "कोणी?" हा प्रश्न शेवटी ठेवा. माझा अनुभव असा, की तोवर ज्याने काच फोडली तो पुष्कळदा आपण होऊनच उभा राहतो. कारण कबूल करायला जागा मिळाली, की माणसाला पळायची गरज पडत नाही. त्या जुन्या याजकाला हे ठाऊक होते.

आणि चावडीवरच्या मंडळींनाही हेच. विहीर आटली, सोसायटी बुडाली, निवडणूक हरली, मुलगा नापास झाला, की चर्चा सुरू होते आणि पाच मिनिटांत एक नाव पुढे येते. ते नाव आले, की जरा थांबा. या माणसाचे नाव निघाले ते पुराव्याने, की तो आज इथे नाही म्हणून, एवढे एकमेकांना विचारा. मोबाइलवर एखादा निरोप आला, की पुढे ढकलण्यापूर्वी मरीआईचा गाडा आठवा. आपल्या शिवेवरून आपण तो दुसऱ्या गावात सोडतो आहोत, हे ध्यानात घ्या.

पुढच्या तासाला मी त्या दोघा मुलांना सांगणार आहे, की तुमची दोन्ही उत्तरे चालतील. 'स्केपगोट'ला मराठीत बळीचा बकरा म्हणा किंवा खापर फोडणे म्हणा. फक्त एवढे ध्यानात ठेवा, की मूळ गोष्टीत बकऱ्याच्या आधी कबुली होती. आणि खापर चुलीवर असते तोवर त्यावर मांडे भाजता येतात.